नानांचं उरलेलं औषध

१

सकाळचे पोहे झाले, की आई हेमचंद्रच्या पुढ्यात स्टीलची वाटी ठेवी. वाटीत त्याच्या गोळ्या असत, मोजून सात. रक्तदाबाच्या दोन, साखरेची एक, कोलेस्टेरॉलची एक, पाठदुखीची एक, त्या पाठदुखीच्या गोळीनं पित्त खवळू नये म्हणून एक आणि ताकदीची एक. हेमचंद्रला नुकतं एकेचाळिसावं लागलं होतं. जबलपूरच्या राइट टाउनमध्ये त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर मान घालून काचा घासायच्या, डोळ्यांना दिसत नाहीत असले स्क्रू पिळायचे. पाठ धरायचीच. गोळ्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या होत्या आणि एकानं काय दिलंय ते दुसऱ्याला ठाऊक नव्हतं.

वाटी भरायचं काम आईनं, भानुमतीनं, आपणहून घेतलं होतं. अकरा वर्षं तिनं नवऱ्याच्या गोळ्या अशाच काढल्या. नवरा म्हणजे अंबादास, घरात सगळे त्यांना नाना म्हणत. गेल्या मे महिन्यात नाना गेले आणि तेरावं उरकल्यावर म्हातारीच्या हातांना कामच उरलं नाही. नानांचा औषधांचा डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, आत पुठ्ठ्याचे कप्पे केलेला. तोच तिनं पुसून मुलासाठी काढला. हेमचंद्रलाही बरं वाटलं. आई कशात तरी गुंतली.

त्या सोमवारी वाटीत आठ गोळ्या होत्या.

आठवी विटकरी रंगाची होती. कडेला टवका उडालेला. वर अक्षर नाही, मधे रेघ नाही.

"आई, ही कोणती?"

"तुझीच होय."

"पण ही कालपर्यंत नव्हती."

"अरे बाप्पा, घे ना पटकन! दुकान उघडायचं नाही काय आज?"

हेमचंद्र वाद घालणारा माणूस नव्हता. गिऱ्हाइकानं स्वतः चुकीची फ्रेम निवडली, तरी माफी हाच मागायचा. त्यानं आठही गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर पाणी प्यायला. सात गेल्या. विटकरी मागे राहिली, जिभेच्या मुळाशी. तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव पसरली आणि दुपारपर्यंत गेली नाही.

२

गुरुवारी दुखायला लागलं. उजव्या बरगडीखाली, आतून कोणी अंगठा रोवून धरावा तसं. उभं राहिलं की कमी, वाकलं की जास्त. आणि त्याचं कामच वाकायचं.

शनिवारी गिऱ्हाईक नसताना त्याचं लक्ष दुकानातल्या आरशाकडे गेलं. आपण डाव्या हाताची मूठ उजव्या बरगडीखाली दाबून, एक खांदा खाली टाकून उभे आहोत. शेवटच्या चार महिन्यांत नाना असेच उभे राहायचे.

नाना डावखुरे होते. लाकडाच्या वखारीत मुकादम. हात असा, की ओंडक्यावर थाप मारून आतून पोकळ आहे का ते सांगत. त्याच हातानं ते घरात मारत.

मारायची त्यांची एक रीत होती. आरडाओरडा नाही, शिवी नाही. ते डावा हात कानापाशी नेत, चष्मा उतरवत, एक काडी मिटत, मग दुसरी मिटत, आणि चष्मा जपून टेबलावर ठेवत. टक् असा आवाज येई. मग मारत. तो टक् व्हायच्या आतच आई मान खाली घालून उजव्या कानावर पदर ओढून घेई. त्या कानानं तिला आता अजिबात ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला होता, असं ती सगळ्यांना सांगते.

हेमचंद्र नऊ वर्षांचा असताना नानांनी त्याचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. दोन दात पडले, आणि रक्ताच्या गुळण्या करताना मोरीत वाकून त्यानं ठरवलं, की आपण मोठं झालो की कोणावरही हात उचलायचा नाही. बाकीचं त्यानं बरंचसं आयुष्य चुकतमाकत काढलं. शाळा अर्धवट, गणित कच्चं, चारचौघांत बोलता येत नाही. हे एक मात्र त्यानं पाळलं होतं. त्याची मुलगी दुर्वा आता नऊ वर्षांची होती. तिला त्यानं कधी मोठ्यानं हाकसुद्धा मारली नव्हती.

३

"शराब?" डॉक्टर इरावतींनी विचारलं. राइट टाउनमध्येच त्यांचा दवाखाना होता.

"नाही जी. कधीच नाही."

"कोई जड़ी-बूटी? काढा? जिम का पाउडर?"

त्याच्या पोटाकडे बघून त्यांनी तिसरा प्रश्न स्वतःच सोडून दिला. रक्ताचा अहवाल समोर होता. यकृताचा जो आकडा चाळीसच्या आत हवा, तो चारशे बारा होता. सोनोग्राफीत काही नव्हतं. खडा नाही, सूज नाही, कावीळ नाही.

"लिव्हर चिल्ला रहा है," त्या म्हणाल्या, "आणि का, ते दिसत नाहीये. घरात जितकी औषधं आहेत, सगळी एका पिशवीत घालून आणा. सगळी म्हणजे सगळी."

पिशवी आईनं भरून दिली. डॉक्टरांनी टेबलावर पाकिटं मांडली, सात. विटकरी गोळीचं पाकीट त्यात नव्हतं. हेमचंद्रनं आदल्या दिवशी आईला तेवढं विचारून घेतलं होतं. "ती ताकदीचीच दुसरी होय," आई म्हणाली होती, "कंपनीनं रंग बदलला असंल." त्यालाही पटलं होतं. कंपन्या बदलतात रंग.

"तीन डॉक्टर, सात दवाएँ," इरावती म्हणाल्या. "पाठदुखीची आणि कोलेस्टेरॉलची, या दोघींवर माझा संशय आहे. रक्तदाबाच्या ठेवा, बाकी सगळं बंद. दस दिन बाद फिर खून की जाँच."

त्या दिवसापासून वाटीत दोनच गोळ्या आल्या. शिवाय एक चमचा मध. "हळद घातली आहे," आई म्हणाली. "पोटाला बरी." हेमचंद्रनं चाटला. मधाखाली गंजलेल्या खिळ्याची चव होती. दुखण्यानं तोंडाची चव जाते, असं त्यानं कुठं तरी वाचलं होतं.

४

आठव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तिवारीजी दुकानात आले. रिटायर्ड मास्तर, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. नवा चष्मा नाकावर होता आणि ते तक्रार घेऊन आले होते.

"हेमू भैया, ये क्या बना दिया? सीढ़ी दो-दो दिखती है. काल पडता पडता वाचलो."

"सॉरी, मास्टरजी. बसा. मी बघतो."

तो हे म्हणाला, ते त्याला नीट आठवतं. काउंटरवरून वाकला तेव्हा बरगडीखाली कळ आली, तीही आठवते. मग त्याचा डावा हात वर गेला.

हेमचंद्रला चष्मा नव्हता. दुकान चष्म्याचं असलं, तरी त्याचे डोळे चांगले होते. तरी त्याचा डावा हात कानापाशी गेला, बोटांनी काही तरी पकडलं, उतरवलं, एक काडी मिटली, दुसरी मिटली आणि ते नसलेलं जपून काउंटरच्या काचेवर ठेवलं.

टक्, असा आवाज झाला.

तिवारीजींनीही तो ऐकला असणार. कारण त्यांनी काचेकडे पाहिलं. ते पाहत असतानाच पहिली चपराक बसली. चष्म्यासकट. काच फुटून त्यांच्या भुवईत घुसली. म्हातारा मागे स्टुलावर पडला आणि हेमचंद्र काउंटरला वळसा घालून त्यांच्यापर्यंत गेला. घाईनं नाही, चालत. डाव्या हातानं त्यांची मान धरली आणि डोकं फ्रेमांच्या शोकेसवर आपटलं, मग पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटणार तोच शेजारच्या मोबाईलच्या दुकानातला गौरांग धावत आला आणि त्यानं मागून कवळ घातली.

"अरे, मार डालोगे क्या! हेमू! हेमू दादा!"

हेमचंद्र भानावर आला तेव्हा त्याची बोटं चिकट होती. सगळ्या फरशीवर फ्रेमा पसरल्या होत्या आणि त्यांच्यामधून रक्ताची एक बारीक धार दाराकडे निघाली होती. तिवारीजी रडत नव्हते. त्याच्याकडे पाहत होते, एका डोळ्यानं.

"ये तू नहीं था बेटा," ते म्हणाले. "ये तू नहीं था."

त्यांना सात टाके पडले. पोलिसात ते गेले नाहीत. गेले असते, तर हेमचंद्रला जास्त बरं वाटलं असतं.

५

दुसरा अहवाल आला, आठशे नव्वद. रक्तदाबाच्या गोळ्या सोडून सगळी औषधं बंद असताना आकडा दुपटीच्या वर गेला होता.

त्याची बायको प्रणाली शाळेत विज्ञान शिकवायची. ती रडली नाही. तिनं लोखंडी कपाट उघडलं, नानांची जुनी फाईल काढली आणि जेवणाच्या टेबलावर दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले.

"बघा."

नानांचा पहिला अहवाल, चारशे बारा. दुसरा, आठशे नव्वद. खालचे आकडेही तेच. दशांश चिन्हानंतरचेसुद्धा. नानांचे अहवाल चार होते. चौथा गेले त्याच्या आदल्या दिवशीचा.

"योगायोग," हेमचंद्र म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "छापायची चूक असेल."

"असेल. मी तेच म्हणते. पण मला दुसरं सांगायचं आहे." तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, दुर्वा तिथं आजीजवळ होती. आवाज खाली आणला. "नानांचं मला सगळं ठाऊक आहे, अहो. तुम्ही नाही सांगितलं, आईंनी तर नाहीच, पण घराच्या चौकटीवर दातांच्या खुणा आहेत. आई चाळीस वर्षं राहिल्या. मी चाळीस मिनिटं नाही राहणार. दुर्वावर बोट जरी उचललंत, तर तिला घेऊन जाईन आणि परत दिसणार नाही. आजार असो, काही असो."

तिचं बरोबर होतं. मोरीत वाकलेल्या त्या नऊ वर्षांच्या मुलाची आई अशी बोलली असती, तर किती बरं झालं असतं, एवढंच त्याच्या मनात आलं.

तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यानं पत्र्याचा डबा उचलला. शेवटच्या कप्प्यात एक पाकीट होतं, दहा गोळ्यांचं. सहा जागा फोडलेल्या, चार गोळ्या शिल्लक. नाव छापलेला पत्रा फाटून गेला होता. गोळ्या विटकरी.

"आई, हे नानांचं औषध आहे."

"हो ना. नागपूरच्या डॉक्टरनं शेवटी दिलं होतं. सहा घेतल्या अन् गेले. चार उरल्या." ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. "चांगलं औषध टाकून द्यायचं काय? तुझं दुखणं तेच. जागा तीच. मधात कुटून देऊन राहिली तुला."

"पण दुखणं नंतर सुरू झालं, आई! गोळी सोमवारी दिलीस, दुखलं गुरुवारी."

"तू झोपेत कण्हत होतास रे. त्याच्याही आधी. उजव्या कुशीला हात धरून. नाना कण्हायचे तसाच. मी ओळखलं ना लगेच."

"किती दिवस देते आहेस?"

"अठरा-वीस दिवस झाले असंल."

त्यानं पाकिटाकडे पाहिलं. सहा फोडलेल्या, चार शिल्लक.

"मग या चार कशा उरल्या?"

आता तिनं मान वर केली. चेहऱ्यावर भीती नव्हती. घरातल्या जुन्या कौतुकाची गोष्ट सांगावी, तशी ती किंचित हसली.

"तेच तर! संपतच नाही बाई."

६

"कचऱ्यात नको टाकू," आई म्हणाली. "माणसाच्या तोंडचं औषध आहे. तिलवाऱ्याला शिरवून ये, जिथं त्यांची राख शिरवली."

शिरवणं म्हणजे विसर्जन. या घरात कचऱ्यात न टाकण्यासारखं जे काही असे, फाटलेली पोथी, भंगलेली मूर्ती, देवाचं निर्माल्य, ते नर्मदेत शिरवायला हेमचंद्रच जात असे. रविवारी सकाळी तो स्कूटर काढत होता तेव्हा आई गॅलरीतून वाकून म्हणाली, "अन् रिकाम्या हातानं नको येऊ. मूठभर वाळू आण." ती हे दरवर्षी म्हणायची. त्यानंही दरवर्षीसारखी मान डोलावली.

तिलवारा घाटावर ऊन होतं. पायऱ्यांवर बायका कपडे आपटत होत्या, वर पुलावरून नागपूरचे ट्रक धडधडत होते. तो घोटाभर पाण्यात उतरला आणि त्यानं गोळ्या एकेक करून फोडल्या. चारही तळहातावर घेतल्या. पाण्यात सोडल्या तेव्हा त्या विरघळल्या नाहीत. विटकरी ठिपके खाली जाताना बराच वेळ दिसले. त्याच वेळी बरगडीखालचा अंगठा निघाला. इतका अचानक, की त्याला हुंदका आला.

त्यानं हात जोडले. मनात काही नव्हतं. जन्माची सवय म्हणून ओठ आपोआप हलले.

"पुढच्या वर्षी लवकर—"

त्यानं जीभ चावली. शेजारी कपडे धुणारी बाई त्याच्याकडे बघत होती. तो वाकला, मूठभर ओली वाळू रुमालात बांधली आणि निघाला.

अर्ध्या वाटेत त्यानं स्कूटर बाजूला घेतली. गणपती शिरवला, की वाळू आणतात. पाटावर ठेवतात. जागा रिकामी राहू नये आणि त्यानं परत यावं, म्हणून. आणि आपण काय शिरवलं? खिशातला रुमाल मांडीला थंड लागत होता. टाकून द्यावी, असं वाटलं. मग वाटलं, वाळू ती वाळू. आई गॅलरीत उभी असेल. हात रिकामे पाहून विचारेल.

त्यानं स्कूटर सुरू केली.

७

पंधरा दिवस चांगले गेले. तिसरा अहवाल आला, अडतीस. डॉक्टर इरावतींनी त्याला खुर्चीतून उठून शाबासकी दिली. "अज्ञात दवा. किसी और की दवा कभी मत खाना, समझे?" तिवारीजींनी दुकानात येऊन चहा घेतला. भुवईवरचा व्रण त्यांनी हेमचंद्रला दिसू नये म्हणून टोपी ओढून घेतली होती. प्रणाली एकदा त्याच्या ताटात वाढताना हसली. डावा हात त्याचं ऐकत होता.

एक गोष्ट मात्र त्याला आवडली नव्हती. आईनं वाळू त्या डब्याच्या शेवटच्या कप्प्यात ठेवली होती.

"तिथं काहून ठेवली?"

"मग कुठं ठेवू? जागा रिकामी होती ना."

दुर्वा त्या वाळूशी खेळायची. शाळेतून आली की डबा मांडीवर घेऊन बसायची. एकदा त्यानं वाकून पाहिलं. बोटानं तिनं वाळूत दोन गोल काढले होते, मधे एक कमान, आणि दोन्ही गोलांत खालच्या बाजूला एकेक आडवी रेघ.

ती रेघ तो कुठंही ओळखेल. दुहेरी नंबराची काच. वरून लांबचं, खालून जवळचं. नानांचा शेवटचा चष्मा त्यानंच बनवला होता. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसायचं नाही म्हणून आईनं तो चितेवर त्यांच्या डोळ्यांवर ठेवला होता. हेमचंद्रनं काच तडकल्याचा आवाज ऐकला होता.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोई नहीं पप्पा. ऐसे ही."

चष्मेवाल्याची मुलगी आहे, चष्मेच काढणार. तो हसला आणि उठला. गोल तिनं कोणत्या हाताच्या बोटानं काढले, ते त्यानं पाहिलं नाही.

८

रविवारची दुपार होती. प्रणाली गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आई स्वयंपाकघरात होती. हेमचंद्र टेबलाशी बसून वरणभात खात होता आणि दुर्वा समोर डबा घेऊन बसली होती. डबा कलंडला. वाळू घरंगळत त्याच्या ताटात गेली.

त्याचं लक्ष नव्हतं. घास तोंडात होता. दातांखाली कचकच झालं आणि तोंडभर गंजलेल्या खिळ्याची चव आली.

डावा हात वर गेला.

तो पाहत होता. हात कानापाशी गेला, बोटं वळली. त्यानं थांबायला सांगितलं. हात दुसऱ्याचा असावा, तसा चालू राहिला. उतरवलं. एक काडी.

"पप्पा!" दुर्वा खुदकन हसली. "चश्मा तो है ही नहीं आपका!"

दुसरी काडी. हात टेबलाकडे खाली येऊ लागला, जपून.

टक्.

मग काय होतं, ते या घरात हेमचंद्रपेक्षा नीट कोणाला ठाऊक होतं? त्यानं उजव्या हातानं डाव्याचं मनगट पकडलं. खुर्ची मागे आदळली. हात दुर्वाच्या वेणीपासून वीतभर अंतरावर होता आणि ओढत होता. वखारीतला हात, ओंडक्याएवढ्या जोराचा. हेमचंद्रनं आपलं सगळं अंग मागे टाकलं. फरफटत, टेबलाचा पाय उपटत, ताट उडवत तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी कपाटापर्यंत गेला. अर्धवट लागलेलं दार गुडघ्यानं उघडलं, डावा हात कपाटाच्या कडेवर अंगाच्या भारानं दाबून धरला आणि उजव्या हातानं दार ओढून आपटलं.

दाराला बाहेरून आरसा होता. दार फिरलं तेव्हा क्षणभर त्यात खोली फिरली, खिडकी फिरली, आणि त्याच्या खांद्याच्या जागी, जरा वर, दोन गोल चमकले. प्रत्येकात खालच्या बाजूला एक आडवी रेघ. त्यांच्यामागे काही होतं का, ते दिसण्याआधी दार बंद झालं. हाडांचा आवाज आला.

हाताचा जोर गेला नाही. बोटं अजून दुर्वाच्या दिशेनं उघडत-मिटत होती. त्यानं दार पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं. दुसऱ्यांदा नखं गेली. तिसऱ्यांदा रक्ताची चिळकांडी आरशावर उडाली आणि तो किंचाळला. तोपर्यंत तो किंचाळला नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं. चौथ्यांदा हात शांत झाला. मांसाचा आणि कातड्याचा लोंबता तुकडा, दुसरं काही नाही.

तो कपाटाशी घसरत खाली बसला. गच्चीच्या जिन्यावरून प्रणालीची पावलं धावत येत होती.

दुर्वा जागची हलली नव्हती. ती रडत नव्हती. ती पाहत होती.

९

हॉस्पिटलात डाव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. बाकीचा हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून छातीवर ठेवला होता. काचा घासायचं काम पुन्हा जमेल की नाही, कोणी सांगत नव्हतं. त्यानं विचारलंही नाही. त्याला हलकं वाटत होतं.

डॉक्टर इरावती मुद्दाम भेटायला आल्या. रक्त पुन्हा तपासलं होतं. "सब नॉर्मल," त्या म्हणाल्या आणि पट्ट्यांकडे पाहत उभ्या राहिल्या.

त्या गेल्यावर प्रणाली खाटेच्या कडेला बसली. त्याच्या उजव्या हातावर तिनं आपला हात ठेवला.

"मी वरून येत होते, तेव्हा जिन्यातूनच सगळं दिसलं मला," ती म्हणाली. "तुम्ही तिला हात नाही लावलात. मी कुठं जाणार नाही."

हेमचंद्रच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उशीत मुरलं. मोरीतल्या त्या मुलाला दिलेला शब्द त्यानं राखला होता. दोन बोटं गेली, तर गेली.

खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. दुर्वा खाटेच्या पलीकडे, औषधांच्या छोट्या टेबलाशी बसून शाळेचा अभ्यास करत होती.

"कालपासून जेवली नाही ती," प्रणाली म्हणाली. "पोटात दुखतं म्हणते. घाबरली आहे, दुसरं काय. दुर्वा, दूध पिऊन टाक बरं बेटा."

"झोपेत कण्हत होती पोर," आई कोपऱ्यातून म्हणाली. "सारी रात."

हेमचंद्रनं मान वळवली. दुर्वाचा उजवा हात बरगडीखाली दाबलेला होता. पेन्सिल डाव्या हातात होती.

"दूध पी ना, दुर्वा," प्रणाली पुन्हा म्हणाली. "किती वेळा सांगायचं?"

दुर्वानं पेन्सिल खाली ठेवली. डावा हात कानापाशी नेला.

मुलं पाहतात तेच करतात, हेमचंद्र स्वतःला म्हणाला. तिनं मला पाहिलंय. ती माझी नक्कल करते आहे. नक्कलच आहे.

तिनं एक काडी मिटली. मग दुसरी.

त्यानं आईकडे पाहिलं. नानांनी कधी हात उचलला नाही, असं साऱ्या जबलपूरला सांगत आलेली त्याची आई. तिचं दुर्वाकडे लक्षही नव्हतं, बहिऱ्या कानाची बाजू तिकडं होती. तरी टेबलावर टक् व्हायच्या आतच तिची मान खाली गेली आणि तिनं उजव्या कानावर पदर ओढून घेतला.